टँकरवाल्याची माफी

लालोफाऊ गावातली पेनिना गेली हे कळलं तेव्हा तालिगी चटईची शेवटची कड विणत होती. तिनं हात थांबवला नाही. वीण मध्येच सोडली की पात्या सुकतात, मग त्या कशानं वळत नाहीत. आणि यंदा तर सुकायला सगळंच टपलेलं होतं. पावसानं पाठ फिरवून कितीतरी महिने झाले होते. नीरफणसाची पानं झाडावरच करपली, अळूचे कंद मुठीएवढेही भरले नाहीत, आणि घराघरांतल्या पागोळीच्या टाक्यांवर टिचकी मारली की ठणठण आवाज यायचा. सावाई बेटाचा दगडच असा काळा आणि भोकाभोकांचा, की पडलेलं पाणी खाली कुठं जातं ते देवाला ठाऊक. प्यायला उरला होता समुद्राकाठचा एक झरा, तोही ओहोटी लागल्यावर हाती येणारा, अर्धा खारट. नाही तर सरकारी टँकर.

टँकर तालिगीचा नवरा इओसेफो चालवायचा.

बातमी आणली ती चर्च झाडून परतणाऱ्या बायकांनी. त्या घराच्या ओट्याला टेकल्या. या गावातल्या घरांना भिंती नाहीत, नुसते खांब आणि वर छप्पर, त्यामुळं कोण आत बसलंय ते रस्त्यावरून दिसतं आणि कुणाला टाळायची सोय राहत नाही.

"जुलाब लागले म्हनं पोरीला," एक म्हणाली. "डुकरांच्या वाड्याजवळची जुनी विहीर हाय ना, तिचं पानी प्यायली."

"मग काय करतील बिचारी? टँकर कुठं गेला त्यांच्याकडं?" दुसरी बोलून गेली, आणि आपण कुणाच्या ओट्याला टेकलोय ते ध्यानात येऊन तिनं जीभ चावली. "न्हाई म्हंजे, उन्हाळाच तसला हाय."

"व्हय, उन्हाळाच तसला हाय," तालिगी म्हणाली आणि पाती ओढून घट्ट केली.

बायका गेल्या. नीरफणसाखाली टँकर उभा होता. इओसेफो कोरड्या फडक्यानं त्याची काच पुसत होता, पुसलेलीच काच पुन्हा पुसत होता. टँकर सरकारच्या पैशांतून आलेला, पण निवडणुकीच्या वेळी त्याच्या दारांवर पक्षाचा पिवळा रंग चढला तो तसाच राहिला. लोकही त्याला केनेतीचा टँकर म्हणायचे. केनेती त्यांच्याच कुळातला. तालिगीचा आत्येभाऊ, लहानपणी तिच्या कडेवर मुतलेला, आता समुद्रापलीकडं राजधानीत मंत्री, आणि खातं पाण्याचंच.

उन्हं कलली तसे लेउतूकाका आले. कुळाचे प्रमुख ते. जमीन कुणी कसायची, लग्नात कुणी किती डुकरं द्यायची, सगळं त्यांच्या शब्दावर. गुडघे गेले होते, तरी मांडी घालूनच बसायचे, आणि बसताना तोंडातून निघणारा आवाज खोकल्यात दडवायचे.

"चटई कुठवर आली, तालिगी?"

"विनून झाली. किनारीला पिसं लावायचीत."

"लाव मग. शनवारी पहाटं लागंल."

तिनं वर पाहिलं. चटई लेकीच्या लग्नासाठी होती. केवड्याची पानं उकडायची, समुद्रात भिजत घालायची, उन्हात पांढरी करायची, नखानं चिरून दोऱ्याइतक्या बारीक पात्या काढायच्या, आणि मग विणत बसायचं, पाठीचा कणा धनुकलीसारखा होईस्तोवर. अशी चटई अंथरत नाहीत, मानानं देतात. आणि आणखी एका कामाला लागते. कुळाच्या हातून कुणाचा जीव गेला, तर सूर्य उगवायच्या आत त्या घरापुढं जाऊन डोक्यावरून चटई घेऊन बसायचं. घरातलं माणूस येऊन चटई उचलील तेव्हा माफी. तोवर कुणी धोंडा मारला, कोयता उचलला, तरी हूं की चूं करायचं नाही.

"लालोफाऊला?" तिनं विचारलं.

"तिथली पोरं कोयते परजून बसलीत. म्हनत्यात, मंत्र्याच्या किनाऱ्यावरच्या भाड्याच्या झोपड्यांत गोरे पाहुने अंघोळी करीत व्हते आन् हिकडं आमची पोर मेली. खोटं कुठं हाय त्यात? आपून आधी न्हाई गेलो तर ते येतील."

"चटई देते काका," तालिगी म्हणाली. "पन तिच्याखाली केनेतीच बसला पायजे. दुसरं कुनी न्हाई."

म्हाताऱ्यानं खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोरच लावला. केनेतीचा आवाज सगळ्या घराला ऐकू आला.

"मामा, अहो सांगायला हवं का? शुक्रवारच्या बोटीनं निघतो. आपल्या घरची गोष्ट आहे, मी नाही येणार तर कोण येणार?"

"ऐकलंस?" काका म्हणाले.

"ऐकलं," ती म्हणाली, आणि पिसांचा डबा उघडला.

संध्याकाळी चुलीशी इओसेफो येऊन उकिडवा बसला. हा माणूस मुळात कमी बोलणारा. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्याच्या पोटातलं काढायचं तर तालिगीला हातातलं काम चालू ठेवून, त्याच्याकडं न बघता वाट पाहावी लागायची. ती कंद सोलत राहिली.

"तिची आई रस्त्यात उभी व्हती," तो म्हणाला. "सेलेपा. दोन बादल्या घेऊन. हात केला तिनं."

"मग?"

"न्हाई थांबलो."

"का?"

"केनेतीच्या मानसाचा फोन आला व्हता. झोपड्यांच्या टाक्या भर, पाहुने उतरलेत. मी म्हनलं, लालोफाऊची पाळी हाय. तर म्हनतो, त्यांनी मतं दिलीत व्हय आपल्याला? चावी ठिऊन जा मग, दुसरा बघतो." त्यानं काटकीनं राख सारखी केली. "पुढं जाऊन आरशात बघितलं. बादल्या खाली ठिऊन उभीच व्हती."

तालिगीनं सुरी खाली ठेवली. त्याच दिवशी तो घरी दोन कॅन पाणी घेऊन आला होता. गोडं पाणी, गाळलेलं. कुठलं म्हणून तिनं विचारलं नव्हतं. पोरांना आधी पाजलं, मग स्वतः प्यायली, आणि उरलेल्यात पात्या भिजवल्या होत्या. ते पाणी या चटईत मुरलेलं होतं, हे आता तिला कळलं.

शुक्रवारच्या बोटीनं केनेती आला नाही. शनिवारी पहाटे कुळातली माणसं लालोफाऊच्या वेशीवर गोळा झाली, अंधारात एकमेकांचे चेहरे न बघता. सोबत सोललेलं डुकर होतं, डब्यातल्या माशांची खोकी होती, दुसऱ्या घरांतून आलेल्या जाडसर चटया होत्या. लेउतूकाका फोन कानाला लावून उभे होते. बऱ्याच वेळानं पलीकडून कुणी उचलला. केनेती नव्हता, त्याचा माणूस होता.

"काय म्हनतो?" तालिगीनं विचारलं.

"पक्षाची बैठक लागली म्हनं. वकिलानं सांगितलंय, गुडघे टेकले तर त्याचा अर्थ वाकडा लागतो." काकांनी फोन लुंगीत खोचला. "म्हनतो, कुळातलं कुनीबी बसलं तरी चालतंय की. रूढी तीच हाय."

रूढी तीच होती, हे खरं. चटईखाली बसणारा स्वतःसाठी बसत नाही, सगळ्या कुळाचं डोकं त्याच्या खांद्यावर असतं; आजवर बापानं मुलासाठी, भावानं भावासाठी मान वाकवलेली आहे आणि त्यांना कुणी गुन्हेगार म्हटलं नाही, उलट मान दिला. केनेतीच्या माणसाला हे नीट ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो बोलला.

"मी बसतो," काका म्हणाले आणि खाली वाकायला लागले. गुडघा मध्येच अडकला. दोघांनी त्यांना धरलं.

"काका, तुमी न्हाई टिकायचा," इओसेफो म्हणाला. "मी बसतो."

तालिगीनं चटई छातीशी धरली. "न्हाई. मी काय बोलले व्हते? केनेतीसाठी दिली मी ही."

"उजाडतंय, तालिगी."

"उजाडू दे."

"उजाडल्यावर आपून हितं नुसते उभे दिसलो, तर काय व्हईल?" तो हळू बोलत होता, जसा पोरांशी बोलायचा. "आन् तसं बघितलं तर गाडी मीच चालवत व्हतो."

तिनंच त्याच्या डोक्यावर चटई घातली. किनारीची लाल पिसं एका बाजूला घसरली, ती तिनं सारखी केली. मऊ चटई त्याच्या पाठीवर, खांद्यांवर अशी बसली की आतल्या माणसाचा आकार तेवढा दिसत होता. बाकी सगळे त्याच्या मागं माना घालून बसले.

सूर्य वर आला. घरातून कुणी हाललं नाही. घरासमोर, अंगणातच, पोरीला पुरल्याचा लहानसा ताजा ढिगारा होता, त्यावर पांढरी वाळू आणि शंख मांडलेले. ओट्यावर पेनिनाचा बाप ताविता बसला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तरणी पोरं, मांडीवर कोयते. एकानं खडा मारला. तो चटईवर आदळला, आतलं माणूस किंचित हाललं आणि पुन्हा स्थिर झालं. ऊन चढत गेलं. तालिगीच्या मांड्यांना काळ्या दगडाचे चटके बसायला लागले, लेउतूकाकांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. चटईच्या कडेखालून इओसेफोच्या हातांचे पंजे दिसत होते. त्यांच्यावरून घामाचे ओघळ दगडावर पडत आणि पडताच वाळून जात.

ताविता उठला नाही. उठली ती सेलेपा. ती सावकाश पायऱ्या उतरली, ढिगाऱ्याला वळसा घातला, चटईपाशी बसली आणि कड उचलून आत पाहिलं.

"तूच व्हय," ती म्हणाली. "मी हात केला व्हता."

"बघितला व्हता," इओसेफो म्हणाला.

मागं कुणीतरी रडायला लागलं, त्याला दुसऱ्यानं गप्प केलं. मग सेलेपानं चटई उचलली, पूर्ण, आणि आपल्या खांद्यावर टाकली. ओट्यावरची पोरं कोयते घेऊन मागच्या बाजूनं निघून गेली. ताविताची मान खाली गेली आणि तो हुंदके द्यायला लागला. तेव्हा कुठं माणसं माणसांना भेटली. त्या घरात प्यायला द्यायला पाणी नव्हतं. सेलेपानं एक शहाळं फोडलं आणि पहिल्यांदा इओसेफोच्या हातात दिलं.

परत येताना तालिगीला वाटलं, बरं झालं. चटई गेली, पण निदान तोंड दाखवायला जागा राहिली. केनेतीचा राग तिनं गिळला. रिकाम्या हातानं घरी आली आणि कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

सोमवारी रेडिओवर बातम्या लागल्या. गावात सगळे एकच केंद्र लावतात, त्यामुळं बातमी एकाच वेळी सगळ्या घरांतून ऐकू येते. पक्षाचा कुणी सचिव बोलत होता. लालोफाऊच्या दुर्दैवी घटनेची चौकशी पक्षानं केली आहे. टँकरच्या चालकानं स्वतःच्या मर्जीनं, खाजगी फायद्यासाठी पाणी भलतीकडे वळवलं असं दिसतं. सदर चालकानं आपल्या पवित्र रूढीप्रमाणे मृत मुलीच्या घरापुढं गुडघे टेकून दोष मान्य केला आहे, आणि त्या मोठ्या मनाच्या कुटुंबानं त्याला माफही केलं आहे. त्याला कामावरून काढण्यात येत आहे. मंत्रिमहोदयांचा याच्याशी काही संबंध नाही.

इओसेफो कंद काढायला निघाला होता. खांद्यावर पहार, तसाच अंगणात उभा राहिला.

"मी कवा म्हनलं, माझ्या मर्जीनं?" त्यानं बायकोला विचारलं. खरंच विचारलं, जणू आपण कधी बोलून गेलो की काय याची त्याला शंका आली होती.

दुपारी दोघे जण मोटारीतून आले, टँकरची चावी मागितली. गाडी नेताना त्यांनी अंगणातली सुकत घातलेली केवड्याची पानं चिरडली. शेजारच्या पोरांनी "पानीचोर" म्हणून आरोळी ठोकली, त्यांच्या आईनं त्यांना आत ओढलं, पण जरा सावकाशच ओढलं. झऱ्यावर बायका तालिगीला पुढं जाऊ द्यायला लागल्या. पूर्वी ढकलाढकली व्हायची, त्यात भांडण असे, हसणं असे. आता वाट मिळायची. तिला ते झोंबलं.

ती लेउतूकाकांकडे गेली.

"काका, तुमी बोला. तुमी व्हता तिथं. फोन तुमी केला व्हता."

"बोलंन की." म्हातारा गुडघ्याला तेल चोळत होता. "केनेती येतोय रविवारी. समजावून सांगतो त्याला."

"समजलं न्हाई म्हनून केलं व्हय त्यानं?"

काका तेल चोळत राहिले. त्यांच्या डोक्यावरचं नवं कोरं पत्र्याचं छप्पर केनेतीनं दिलेलं होतं. नातवाची शाळा, गुडघ्याची औषधं, चर्चमध्ये पुढच्या बाकावरची जागा, सगळं त्याच्याकडून. तालिगीनं छपराकडं पाहिलं, मग म्हाताऱ्याकडं, आणि चालू लागली. तिला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती, दोन्ही एकदम.

रविवारी केनेती आला. पांढऱ्या कपड्यात, मागं एक गाडी भरून बाटल्यांचं पाणी. पाद्र्यानं त्याच्या नावानं प्रार्थना केली, मग लेउतूकाकांच्या घरी सगळं कुळ जेवायला बसलं. तापल्या दगडांत भाजलेलं डुकर, केळी, नारळाच्या दुधातली अळूची पानं. पाण्याच्या बाटल्या हातोहात फिरल्या. इओसेफो सगळ्यांत कडेच्या खांबाशी बसला होता. केनेती स्वतः उठून त्याच्याजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दाजी, मनावर घेऊ नका. राजकारणात असं बोलावं लागतं. फार तर कोर्टात एकदा उभं राहावं लागेल, थोडे महिने तुरुंगात जातील. पोरांचं, ताईचं सगळं मी बघतो. निवडणूक होऊ द्या, परत गाडीवर घेतो. टँकर काय, नवा ट्रक देतो."

"मी माफी कुळासाठी मागितली व्हती," इओसेफो म्हणाला.

"तेच ना! कुळासाठीच. आता अर्ध्यावर कशाला सोडताय?"

काही लोक हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण मंत्री बोलला की हसायची सवय लागलेली होती.

"केनेती," तालिगी म्हणाली, "तू का आला न्हाईस शनवारी?"

"ताई, बैठक होती गं."

"बाळा, तुला फोडं आली व्हती, तवा तुला पाठीवर घिऊन डोंगरापल्याडच्या दवाखान्यात मी गेलते. मला बैठक सांगू नको."

केनेतीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण ते जागच्या जागी थिजलं. "मामा," तो म्हणाला, "बायकांनी यात पडावं का?"

काकांनी घास तोंडात घेतला आणि चावत राहिले.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूच्या लोकांनी माना वळवल्या. सेलेपा येत होती. सुतकाचे काळे कपडे, पायांत काही नाही, लालोफाऊपासून उन्हातून चालत आलेली. तिच्या हातांवर गुंडाळलेली चटई होती. ती ओटा चढून आत आली. बोलावल्याशिवाय कुणी दुसऱ्या कुळाच्या जेवणात येत नाही, पण तिला कुणी थांबवलं नाही. जेवणारांच्या मधोमध तिनं चटई खाली ठेवली. दिलेली चटई परत आलेली त्या घरात कुणी ऐकली नव्हती, पाहण्याची गोष्टच सोडा. एका म्हातारीनं पदर ओढावा तसा लुंगीचा सोगा तोंडावर ओढून घेतला.

"मी कुळाला माफ केलं व्हतं," सेलेपा म्हणाली. तिला धाप लागली होती. "रेडिओवाला म्हनतो, एका ड्रायव्हरला केलं. मग बाकीच्यांचं ऱ्हायलं की. ही घ्या. ज्याचं ऱ्हायलंय तो कवा येतोय, तेवढं सांगा."

तालिगीनं बाटली उघडून तिच्यापुढं धरली. सेलेपानं बाटलीकडं पाहिलं, त्यावरच्या पिवळ्या चिठ्ठीकडं पाहिलं, आणि हात लावला नाही.

"बाई, तुमचं दुःख मोठं आहे," केनेती उभा राहत म्हणाला. "मी येणार आहे तुमच्याकडे. टीव्हीवाल्यांनाही घेऊन येतो, सगळ्या देशाला कळू दे."

"एकटा ये. उजाडायच्या आत."

"उद्या मंत्रिमंडळाची बैठक आहे. नंतर बघू. बोट चुकेल माझी." त्यानं चपला पायात सरकवल्या, काकांच्या हाताला हात लावला, आणि मोटार धुरळा उडवत गेली. बाटल्यांचं उरलेलं पाणी मात्र ठेवून गेला.

सेलेपाही निघाली. तालिगी तिला वेशीपर्यंत पोचवायला गेली. परत आली तेव्हा माणसं उठून गेली होती आणि लेउतूकाका एकटेच चटईसमोर बसून होते. पानावरचं अन्न तसंच होतं.

"ही परत आली म्हंजे पोरं पुन्हा कोयते घेतील," ते म्हणाले. "कुनाला तरी बसावं लागंल, तालिगी. उद्याच."

"इओसेफो न्हाई बसायचा."

"मी बसतो. गुडघा मोडला तर मोडला."

"तुमीबी न्हाई." ती त्यांच्यापुढं बसली. तिचा आवाज चढला नाही. चढवायला अंगात जोर उरला नव्हता. "तुमी बसला तर रेडिओवाला म्हनंल, म्हाताऱ्याची चूक व्हती. मी बसले तर म्हनंल, बाईची व्हती. जो बसंल त्याच्या गळ्यात पडनार हे. काका, चटई तेवढी घिऊन जाऊ. तिच्याखाली कुनी बसायचं न्हाई."

"रिकामी चटई? असं कुनी केलंय आजवर?"

"आजवर असं कुनी पळालंबी नव्हतं."

म्हाताऱ्यानं वर नव्या पत्र्याकडं पाहिलं. उन्हानं पत्रा कडकड वाजत होता. मग त्यानं चटईच्या किनारीवर हात फिरवला आणि एक लाल पीस सुटलं होतं ते दोन बोटांनी दाबून बसवलं.

सोमवारी उजाडायच्या आत ते लालोफाऊच्या अंगणात होते. सगळे नाही, निम्मेही नाहीत; बाकीच्यांना अचानक ताप, खोकला, रानातली कामं आठवली होती. डुकर नव्हतं, खोकी नव्हती. तालिगीनं ढिगाऱ्यापासून हातभर अंतर राखून चटई जमिनीवर पसरली. ती दगडांवर सपाट पडली, मध्ये कुठं उंचवटा नाही. मागं लेउतूकाका, इओसेफो, ती, आणि चार माणसं माना घालून बसली. ओट्यावर ताविता आला, चटईकडं पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं तसं त्यानं पोरांना हातानं मागं सारलं. सेलेपा खांबाला टेकून उभी राहिली. ती खाली आली नाही. उचलायला चटईखाली कुणी नव्हतंच.

पहिली बस बंदराकडं निघाली होती. भाजीच्या टोपल्या, बोटीला जाणारी माणसं, खिडक्यांतून बाहेर आलेले हात. लालोफाऊत ती नेहमी थांबते. आज थांबली ती निघेचना. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. गाणं बंद झालं. माणसं खिडक्यांना लोटली आणि अंगणातली ती सपाट चटई बघायला लागली.

"काय हो, लेउतू?" बसमधून कुणीतरी हाक मारली. "माफीला बसलाय ना? मग चटईखाली कोन हाय?"

इओसेफोची मान आणखी खाली गेली. तालिगीनं काकांकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं तिच्या खांद्याला धरलं, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि कण्हत, या खेपेला कण्हणं न लपवता, उभा राहिला.

"केनेती," तो बसमधल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. "माझ्या बहिनीचा पोरगा. पानी त्यानं नेलं. अजून आला न्हाई, म्हनून आमी बसलोय. बोटीवर जो भेटंल त्याला सांगा."

बस तरीही लगेच सुटली नाही. ड्रायव्हरनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मग इंजिन सुरू झालं आणि ती बंदराच्या रस्त्याला लागली. काका पुन्हा खाली बसले. ऊन चढायला लागलं होतं. इओसेफोनं मान वर केली आणि बस वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडं बघत राहिला.